सुलभाताई आणि इटारसीची पार्सलं

सुलभाताई देवतळ्यांच्या पर्समध्ये लाल बाणांचं एक पाकीट कायम असतं. नखाएवढे, मागून चिकटणारे कागदी बाण. जिथे दोष दिसेल तिथे त्या एक बाण काढून चिकटवतात आणि काही न बोलता पुढे जातात. आमच्या साकेत नगरच्या गल्लीत असे बाण जागोजागी सापडतात. फाटकाच्या सैल कडीवर, सोसायटीच्या नोटिशीतल्या चुकलेल्या मात्रेवर, भाजीवाल्याच्या ढिगातल्या किडक्या वांग्यावर. भाजीवाला बिचारा आता त्यांना येताना पाहिलं की वांगी स्वतःच निवडून बाजूला काढतो.

आम्ही पुण्याहून बदलीवर भोपाळला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात जिन्यात त्यांची गाठ पडली. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी कौतुकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दिवसभर मी ऑफिसात हिंडलो, साहेबांसमोर बसून आलो. संध्याकाळी माझ्या बायकोनं, अनघानं, विचारलं की कॉलरला हा बाण कसला? बाणाच्या टोकाला तुटलेलं बटण होतं.

या सवयीचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. सुलभाताईंचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. ताईंचा जन्म इथलाच. लग्न केलं नाही. मंडीदीपच्या एका कारखान्यात त्या अठ्ठावीस वर्षं होत्या. तिथे यंत्रांचे सर्किट बोर्ड बनायचे, आणि ज्या बोर्डात काही बिघडलेलं असे त्यावर लाल बाण लावून तो दुरुस्तीच्या टेबलावर येई. ताई त्या टेबलावर बसत. निवृत्त होताना त्यांना शाल, घड्याळ आणि गणपतीची मूर्ती मिळाली. बाणांची खोकी त्यांनी स्वतः मागून घेतली.

बोलणंही कारखान्याचंच राहिलं. कुणाच्या घरी चहा प्यायला की घोटभर घेऊन त्या निकाल सांगतात: "पास." अनघाच्या चहाला त्यांनी आठ महिने पास केलं नाही. शेवटी एकदा केलं, तेव्हा अनघानं पुण्याला आईला फोन लावला होता.

आता माझं एक गुपित सांगायला हवं. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे, दोन जणांना माझ्या सहीशिवाय रजा मिळत नाही, आणि मी रविवारी दुपारी दार लावून गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम खेळतो. खेळताना हातात धरायच्या माझ्या कंट्रोलरवर चार हिरवे दिवे होते. ते निळे असावेत असं मला वाटू लागलं. इंटरनेटवर एक मुलगा दहा मिनिटांत ते बदलून दाखवत होता. मी डाग द्यायचं स्वस्तातलं सोल्डरिंग आयर्न आणलं, कंट्रोलर उघडला, आणि पहिला हिरवा दिवा चिमट्यानं ओढला. दिवा आला. त्याच्याबरोबर खालचा तांब्याचा ठिपकाही आला, आणि ठिपक्याला लागून असलेली केसासारखी रेघ सोललेल्या सालीसारखी उभी राहिली. नवा दिवा लावायला जागाच उरली नाही.

कंट्रोलर पिशवीत घालून मी ताईंकडे गेलो. पुतण्याचा आहे, असं सांगितलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ पाहिलं.

"टिकली उपटलीस," त्या म्हणाल्या. तांब्याच्या ठिपक्याला त्या टिकली म्हणतात. "सोल्डर वितळायच्या आधी काहून ओढलंस? आणि पुतण्याचं नाव नको सांगू. तुझ्या बोटाला पोळलंय."

मग त्यांनी काम सुरू केलं आणि मी पाहत बसलो. उभी राहिलेली रेघ त्यांनी कापून टाकली. तिचा जो भाग बोर्डावर शाबूत होता, त्यावरचा हिरवा थर ब्लेडच्या टोकानं इतक्या हळू खरवडला की आत तांबं चमकेपर्यंत मला ब्लेड हलतंय हे कळलं नाही. त्यावर सोल्डरचा थेंब. मग एका रिळातून केसाइतकी बारीक तार काढून तिचं एक टोक त्या थेंबात बसवलं, दुसरं नव्या दिव्याच्या पायाला. मीटरच्या सुया दोन्हीकडे टेकवल्या. मीटर वाजला, म्हणजे जोड लागला. वरून त्यांनी रंगहीन नेलपॉलिशचा हात दिला, तार हलू नये म्हणून. बाकीचे तीन दिवे त्यांनीच बदलले, मला हात लावू दिला नाही. हे नेलपॉलिश त्या न्यू मार्केटच्या एकाच दुकानातून घेतात, आणि दुकानदारीण दर वेळी त्यांच्या नखांकडे बघून काही विचारू की नको अशी थांबते.

असे कंट्रोलर त्यांच्याकडे बरेच येतात. रंगीत दिव्यांच्या नादात पोरं घरीच आयर्न चालवतात आणि मग रडवेली होऊन ताईंच्या दारात उभी राहतात. ताई प्रत्येकाला रागावतात, प्रत्येकाचं काम करतात.

नेलपॉलिश पुरतं वाळावं म्हणून ताईंनी ठेवून घेतलेला कंट्रोलर घ्यायला मी दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा पोस्टमन एक पार्सल देऊन गेला. जुन्या साडीच्या कापडात शिवलेलं. पाठवणाऱ्याच्या जागी फक्त "एस. तिवारी, इटारसी". ताईंनी टाके उसवले. आत एक कंट्रोलर, चिठ्ठी वगैरे काही नाही. त्यांनी तो उघडला, भिंगातून पाहिला आणि त्यांचा चेहरा असा सैल झाला की मला तिथून निघून जावंसं वाटलं. पण कुतूहल होतं. मीही भिंगातून पाहिलं. टिकल्या जागेवर, दिवा जागेवर. फक्त दिव्याकडे जाणारी रेघ मधोमध तुटलेली होती, आणि तो छेद पट्टी लावून मारल्यासारखा सरळ होता.

मी म्हटलं की हे उपटलेलं नाही, ब्लेडनं कापलंय.

"हो," ताई म्हणाल्या आणि आयर्न तापत ठेवलं.

अशी पार्सलं दर दोन महिन्यांनी यायची. ताई रेघ जोडून कंट्रोलर त्याच कापडात शिवून परत पाठवायच्या. त्याही चिठ्ठी घालत नसत. तिसऱ्या पार्सलाच्या वेळी मी विचारलंच, आणि त्यांनी बोर्डावरून नजर न उचलता सगळं सांगितलं.

कारखान्यात दुरुस्तीच्या टेबलावर त्यांच्या शेजारी सरोज तिवारी बसायची. बावीस वर्षं. एकच बस, एकच डबा, एकीच्या भिंगाची काच फुटली तर दुसरीचं भिंग. दोघींना एकमेकींचा हात ओळखू यायचा. शंभर बोर्डांतून हा सरोजचा सोल्डरचा डाग, हा माझा, असं सांगता यायचं. मग सरोजचा नवरा आजारी पडला. ती रात्रभर इस्पितळात बसून सकाळी कामावर यायची. एक दिवस तिनं ताईंना सांगितलं की आज माझं मन थाऱ्यावर नाही, माझे बोर्ड पुढे जाण्याआधी तू एकदा बघून घे. ताई हो म्हणाल्या. आणि त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्याच टेबलावर इतकं काम साचलं की त्यांनी बघितलं नाही.

महिन्यानं माल परत आला. एका रेघेचा जोड सुटला होता. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर बोर्ड ताईंच्या हातात देऊन विचारलं की हे काम कुणाचं. ताईंनी पाहिलं आणि खरं ते सांगितलं, सरोजचं. सरोजला पॅकिंगमध्ये टाकलं. दोन महिन्यांनी तिनं नोकरी सोडली. नवरा गेला, तशी ती रेल्वेतल्या मुलाकडे इटारसीला राहायला गेली.

"मी खोटं नाही बोलले," ताई म्हणाल्या. "पण मी बघितलं नव्हतं, हे मी सुपरवायझरला नाही सांगितलं. सरोज माझ्याकडे बघत होती. ती पण नाही बोलली."

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद. तीन वर्षांनी, ताई घरी कंट्रोलर दुरुस्त करतात हे कुणाकडून तरी सरोजला कळलं असावं. पहिलं पार्सल आलं. तो छेद भिंगाखाली पाहताच ताईंना हात ओळखू आला.

मी म्हटलं, मग फोन करा. इटारसी काही लांब नाही, गाडीनं दोन तास. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी त्या आमच्या चहाकडे पूर्वी पाहत. मी विषय सोडला.

गेल्या थंडीत पार्सल उशिरा आलं. चार महिने झाले होते. ताई रोज पोस्टमनच्या वेळेला गॅलरीत उभ्या राहून कुंड्यांना पाणी घालायच्या. त्यात दोन गुलाब कुजले. पार्सल आलं तेव्हा त्यांनी मला हाक मारली. कधी नव्हे ते त्या स्वतः भिंग माझ्या हातात देत होत्या.

बोर्डावर ओरखडे होते. एक इकडे, एक तिकडे, एक तर थेट कडेपर्यंत घसरत गेलेला. रेघ मात्र शाबूत होती. ताईंनी बॅटरी लावली आणि बटण दाबलं. दिवा लागला.

दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. ताईंनी कडेपर्यंत घसरलेल्या ओरखड्यावरून नख फिरवलं.

"तिला दिसत नाहीये," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ब्लेड घेतलं आणि सरोजला जिथे छेद मारायचा होता तिथे, अगदी सरळ, स्वतः मारला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चांगला बोर्ड बिघडवला. त्यानंतर नेहमीसारखी रेघ जोडली. या वेळी सोल्डरचा थेंब मोठा पडला, पण त्यांनी तो तसाच ठेवला. कापडही पुन्हा शिवलं नाही. कंट्रोलर पर्समध्ये टाकला आणि मला विचारलं की रविवारी मला काही काम आहे का.

"तू चल सोबत. एकटी गेले तर मी मंडीदीपलाच उतरून जाईन."

रविवारी आम्ही हबीबगंजला गाडी पकडली. स्टेशनचं नाव बदलून काही वर्षं झाली, ताई अजून हबीबगंजच म्हणतात. मंडीदीप आलं तेव्हा त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या. पुढे नर्मदेच्या पुलावर इतरांसारखे त्यांनीही हात जोडले. बाकी पूर्ण वाट त्यांनी माझ्या ऑफिसची चौकशी केली. अशी चौकशी त्यांनी आधी कधी केली नव्हती, आणि एकही उत्तर ऐकलं नाही.

रेल्वे कॉलनीत घर सापडलं. दार सुनेनं उघडलं. सरोजबाई मागच्या अंगणात उन्हात बसल्या होत्या, परातीत मेथी निवडत, पण नजर समोरच्या भिंतीवर. पानं बोटांनी चाचपून त्या देठ वेगळे करत होत्या. मी सुनेला हळूच विचारलं की गेम कोण खेळतं. ती हसली. घरात गेमचं यंत्रच नव्हतं. तिनं दिवाणाखालची पत्र्याची पेटी ओढून दाखवली. ताईंनी तीन वर्षांत जोडून पाठवलेले सगळे कंट्रोलर आत ओळीनं ठेवलेले होते, त्याच कापडांच्या घड्यांवर. अम्मा ते भंगारवाल्याकडून शोधून आणवतात, सून म्हणाली. आम्हाला वाटायचं, हा काही तरी त्यांचा छंद.

ताई अंगणात गेल्या, खाली सरोजबाईंशेजारी बसल्या आणि पर्समधून कंट्रोलर काढून त्यांच्या मेथीच्या हातात दिला. सरोजबाईंचा हात थांबला. त्यांनी तो उलटसुलट चाचपला, बटण शोधलं, दाबलं.

"जली?" त्यांनी विचारलं.

"जली," ताई म्हणाल्या. मग परातीतली मेथीची एक काडी उचलत, "सरोज, उस दिन मैंने तेरे बोर्ड देखे नहीं थे. तूने कहा था, फिर भी."

"मालूम है."

"मालूम था तो बोली क्यों नहीं?"

"तू आती तो बोलती," सरोजबाई म्हणाल्या. "आई ही नहीं."

ताईंनी पर्समधून पेचकस काढला, कंट्रोलर उघडला, सरोजबाईंचं बोट धरून जोडावर टेकवलं. सरोजबाईंनी नखाच्या टोकानं तो थेंब तपासला, पुन्हा तपासला.

"सोल्डर ज़्यादा है," त्या म्हणाल्या.

गल्लीतल्या कुणाचंही काम ज्यांना सहजी पटत नाही, त्या आमच्या ताईंनी लहान मुलीसारखी मान डोलावली. मग लक्षात आलं की सरोजबाईंना दिसत नाही, म्हणून तोंडानं म्हणाल्या, "हाँ, ज़्यादा हो गया."

दुपारभर दोघी मेथी निवडत होत्या. मेथी संपल्यावर सुनेनं मटार आणून दिले. सरोजबाईंच्या डोळ्यांचं आता काही होण्यासारखं नाही, हे सून मला स्वयंपाकघरात सांगत होती. तिकडे अंगणात कारखान्याच्या बसच्या ड्रायव्हरची, कॅन्टीनच्या पोह्यांची नावं घेऊन हसणं चाललं होतं. निघताना सरोजबाई एका हातानं भिंत आणि दुसऱ्यानं ताईंचा हात धरत दारापर्यंत आल्या. पुढचं पार्सल कधी पाठवू, असं त्यांनी हिंदीत विचारलं.

"भेजना मत," ताई म्हणाल्या. "मैं लेने आऊँगी."

तसं त्यांनी केलंही. आता महिन्यातले दोन रविवार त्या इटारसीला असतात, आणि मला सोबत न्यावं लागत नाही. पण त्या पहिल्या दिवशी परतीच्या गाडीत त्या खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. नर्मदा मागे पडली, बाहेर अंधारू लागलं. मला वाटलं, डोळा लागला असेल.

"तिनं हात सोडला नव्हता रे," त्या एकदम म्हणाल्या. "गाडी चुकेल म्हणून मीच सोडवून घेतला."