काळ्या बिअरला कोणतं गाणं चालतं

एका जंगलात हैबती नावाचं अस्वल क्राफ्ट बिअर करायचं. क्राफ्ट बिअर म्हणजे काय, मुलांनो? घरी केलेली बिअर, जी घरात कुणीच पीत नाही.

हैबतीचा जीव दोन गोष्टींत होता. एक त्याची काळी बिअर आणि दुसरी 'खवळलेलं रान' ही रॉकची जुनी तबकडी. चार लांडग्यांनी ती काढली तेव्हा हैबती एवढासा होता. रोज संध्याकाळी तो तबकडी लावायचा, एकटाच प्यायचा आणि एकटाच डोलायचा. त्याच्या गुत्त्यात चिटपाखरू नसायचं. कुणीतरी शेजारी बसून ऐकावं, एवढीच बिचाऱ्याची आस होती.

मग शहरातून कोल्हा परत आला. तिथं तो काय करत होता ते विचारू नका. येताना दाढी घेऊन आला.

"हैबतराव," तो म्हणाला, "तुम्ही बिअर देता, गाणीही लावता. पण दोघांची जोडी कुठं जुळवता?"

"पत्रिका बघून जुळवायची का?"

"जीभ बघून!"

कोल्ह्याने नियम घालून दिले. तबकडीच्या पहिल्या बाजूला काळी बिअर, दुसऱ्या बाजूला फिकी. बोलायचं नाही. शेपटीने ठेका धरायचा नाही. तिसऱ्या गाण्यात ड्रम मध्येच थांबतो, तेव्हा डोळे मिटून एक घोट घ्यायचा.

"त्या शांततेत अख्ख्या जंगलाचं दुःख भरलंय," कोल्हा म्हणाला. हरणांचे डोळे पाणावले. ते पाहून रानडुकरानेही आपले पाणावून घेतले.

गुत्ता तुडुंब भरू लागला. घोट घेतला की सगळे तोंड वाकडं करायचे आणि "वा!" म्हणायचे. हैबती हरखून गेला. आता त्याच्यासोबत अख्खं जंगल ऐकत होतं.

एके दिवशी एक म्हातारा लांडगा आत आला आणि ऐसपैस बसला.

"पोरा, फिकी बिअर दे. चखण्याला खारे शेंगदाणे आण."

पहिली बाजू चालू होती. म्हातारा टेबल बडवू लागला.

"आजोबा, श्श!" कोल्हा म्हणाला. "या बाजूला काळी घ्यायची असते. फिकी घेतलीत तर ड्रम जिभेवर उतरत नाही."

"आरं, हा ड्रम मीच बडवलाय की."

सगळे हसले. एवढ्यात तिसऱ्या गाण्यातली ती शांतता आली. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हितं माझी शेपूट अडकली हुती ड्रमच्या पायट्यात," म्हातारा म्हणाला. "लई कळवळलो. पुन्यांदा वाजवायला टेप शिल्लक नव्हती."

कुणाच्याही घशाखाली घोट उतरेना. सगळे हैबतीकडे बघू लागले.

हैबतीने म्हाताऱ्याला केव्हाच ओळखलं होतं. लहानपणी त्याच्याच चित्राखाली तो झोपायचा. आता पायावर डोकं ठेवावं, असं त्याला फार वाटलं. पण ठेवलं असतं, तर शेपूट खरी ठरली असती. मग उद्या गुत्त्यात कोण आलं असतं?

"आजोबा," तो खालमानेने म्हणाला, "जरा बाहेर बसता का? तुमची बिअर तिथं आणून देतो."

"बसतो की. पण बाहीर गाणं ऐकू येतंय नव्हं?"

हैबतीने म्हाताऱ्याला हाताला धरून बाहेर नेलं, शेंगदाणे दिले आणि आत येऊन दार लावून घेतलं. त्याची त्यालाच लाज वाटली.

"गाणं पहिल्यापासून लावा," कोल्हा म्हणाला. "रसभंग झाला."

हैबतीने लावलं. ती शांतता आली तेव्हा त्यानेही डोळे मिटून घोट घेतला. इतकी वर्षं गोड लागलेली स्वतःची बिअर त्याला आज कडूजहर लागली. त्याचं तोंड वाकडं झालं.

कोल्ह्याने त्याची पाठ थोपटली. "शाब्बास हैबतराव! आत्ता कुठं तुम्हाला चव कळली."

तात्पर्य: मुलांनो, कलेचा खरा आस्वाद घ्यायचा असेल तर कलावंताला दाराबाहेर बसवावं. शेंगदाणे मात्र आठवणीने द्यावेत, म्हणजे आपल्याला कुणी अरसिक म्हणत नाही.