तात्यांनी करून पाहिलं

उत्तरेतल्या आमच्या संस्थानी शहरात माधवगंज पेठेतले शेजारी तात्या दिघे कुणाशी वाद घालत नसत. ते करून दाखवत. तरुण माणसानं कशाचीही तक्रार केली की "यात मुश्किल काय आहे?" म्हणत आणि उपरणं सावरून कामाला लागत. उन्हात सायकलवरून पार शहरापलीकडे मुरारला जाणं जिवावर येतं, असं एकदा मी बोलून गेलो. तात्यांनी तिथल्या तिथे माझी सायकल घेतली. जन्मात सायकलवर न बसलेला हा पासष्टीचा गृहस्थ पगडीसकट गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि हलवायाच्या जिलबीच्या परातीत उतरला. पाकात भिजलेलं उपरणं पिळत ते म्हणाले, "रस्ता खराब आहे. सायकलीत मुश्किल काहीच नाही."

आजची पिढी नाजूक, हे त्यांचं ठाम मत. आपल्या काळचे हाल ते चवीनं सांगत. एका दिव्यापाशी पाच भावांचा अभ्यास, दफ्तरात दिवसभर मांडी घालून मोडी लिहायची, आणि ओळ संपेपर्यंत बोरू उचलायचा नाही. नोकरी लागल्याची हकिकत मात्र दोन वाक्यांत संपे. सोळाव्या वर्षी वडिलांनी पगडी बांधून दरबारच्या दफ्तरात नेलं, वरिष्ठांना मुजरा करायला लावला आणि आपल्या बैठकीवर बसवलं. झालं. तात्यांनी उभ्या आयुष्यात स्वतःसाठी एक अर्ज लिहिला नव्हता, आणि यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

त्यांचा मुलगा विनायक माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बी. ए. होऊन दोन वर्षं तो अर्जच लिहीत होता. एका दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या पाहुण्यांदेखत तात्या त्याला म्हणाले, "तुझ्यात दमच नाही." विनायकनं हातातली आपट्याची पानं देवापुढे ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कानपूरची गाडी धरली. तिथं एका गिरणीत त्याला टायपिस्टाचं काम मिळालं. त्याची पत्रं यायची ती काकूंना, म्हणजे आईला. त्यात तात्यांना साधा नमस्कारही नसे.

पुढच्या वर्षी मी बाड्याजवळच्या, म्हणजे शहरातल्या मुख्य चौकाजवळच्या, टायपिंगच्या वर्गाला जाऊ लागलो. एका कचेरीत एक जागा निघाली होती आणि परीक्षेला आम्ही पन्नासावर उमेदवार. बोटं फार दुखतात, असं मी काकूंना सांगत होतो. ओसरीवरून तात्यांनी ऐकलं.

"यात मुश्किल काय आहे? बसून बटणं तर दाबायची."

या खेपेला मला राग आला. म्हटलं, तात्या, मग करूनच दाखवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते वर्गात हजर. हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, असं मास्तरांनी हिंदीत, अदबीनं सुचवून पाहिलं. तात्यांनी फी पुढे केली, पगडी शेजारच्या रिकाम्या मशीनवर ठेवली आणि बसले. मोडीचा हात, मध्येच उचलायची सवय नाही. एकदम तीन-तीन बटणं दाबली जात आणि आतल्या दांड्या एकमेकींत अडकत. इंग्रजी अक्षरांशी ओळखही जेमतेम. पहिले आठ दिवस सगळा वर्ग हसला. मग हसणं थांबलं, कारण तात्या काही थांबेनात. लूचे गरम वारे सुरू झाले तरी डोक्याला ओला पंचा गुंडाळून यायचे. घरी काकू त्यांच्या बोटांना तेल चोळून द्यायच्या.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मास्तरांनी चाचणी घेतली. दहा मिनिटांत माझं पान भरलं. तात्यांच्या चार ओळी झाल्या.

त्यांनी मास्तरांना विचारलं, "इनमें से नौकरी कितनों को मिलेगी?"

"एक को. शायद किसी को नहीं."

"और बाकी?"

"फिर अर्ज़ी देंगे, पंडितजी."

तात्यांनी वर्गभर नजर फिरवली. एकेका पोराच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

ती जागा मला मिळाली नाही. मी वर्ग चालू ठेवला, आणि तात्याही येत राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. महिन्याभरानं त्यांनी एक कागद माझ्यापुढे धरला आणि चुका बघायला सांगितल्या. इंग्रजी अक्षरांत छापलेलं मराठी पत्र होतं ते.

"चिरंजीव विनायक यास अनेक आशीर्वाद. हे मुश्किल आहे. मी करून पाहिले. तुला जे करावे लागले ते मला कधी करावे लागले नाही. दसऱ्याला बोललो ते चुकले. घरी ये."

चुका ढीगभर होत्या. मी म्हणालो, द्या इकडे, मी दोन मिनिटांत स्वच्छ छापून देतो. नाहीतर हातानंच लिहा, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे.

"नको," तात्या म्हणाले. "हातानं लिहिणं मला सोपं आहे रे. मला हे सोपं गेलं नाही, ते त्याला दिसू दे."

मी सहज कागद उलटला. पाठीमागे वरपासून खालपर्यंत सराव केलेला होता, आणि तो दोनच शब्दांचा. घरी ये. घरी ये. घरी ये. त्यात शेवटच्या चार ओळींत एकही चूक नव्हती.

तात्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, पगडी डोक्यावर चढवली आणि टपाल निघून जाईल म्हणून भर उन्हात निघाले.