आप्पांच्या घरचे रनर

आप्पा बोरसे चुकलेली गोष्ट दुरुस्त करत नाहीत. ती टाकून देतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. शर्टाचं एक बटण वरखाली लागलं तर तुम्ही-आम्ही तेवढंच सारखं करून घेऊ. आप्पा अख्खा शर्ट काढतात, झटकतात आणि पुन्हा घालतात. चहात साखर कमी पडली तर वरून चमचाभर घालणं त्यांना मान्य नाही. तो चहा मोरीत जातो आणि पातेलं पुन्हा गॅसवर चढतं. बोलता बोलता विषय भांडणाकडे वळला, तर हा माणूस उठतो, चपला घालून दाराबाहेर जातो, बेल वाजवतो आणि आत येऊन हसत म्हणतो, "नमस्कार! काय म्हणता, कसं काय?" मग समोरच्यानेही मघाचं सगळं विसरून "बरं आहे" म्हणायचं असतं.

माझ्याशी हे पहिल्याच दिवशी झालं. मी ऑफिसात नवीन होते आणि आगाऊपणा तर माझा जन्मजात. मी विचारलं, "काका, हे कंप्युटर म्युझियममधून आणलेत का?" आप्पा लालबुंद झाले, बाहेर गेले, परत आले, नमस्कार केला आणि माझं नाव, गाव नव्याने विचारलं. मी शेजारच्या मुलीला म्हटलं, "अगं, यांना बरं नाहीये का?" ती म्हणाली, "ताई, तुम्ही फक्त अकोला सांगा आणि गप्प बसा." मी अकोला सांगितलं. आप्पा म्हणाले, "छान गाव." आमची मैत्री तिथून सुरू झाली.

आमचं ऑफिस रिंग रोडच्या कापड मार्केटात, वरच्या मजल्यावर. साडीच्या व्यापाऱ्यांसाठी बिलं, चलनं आणि परत आलेल्या मालाची भानगड सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. आमच्यापैकी कोणीही त्यात काही बदललं की ते जोडून, चालवून, तपासून 'चालेल' किंवा 'मोडलं' असा निकाल देणारं एक मशीन लागतं. त्याला रनर म्हणतात. ही सोय बाहेर भाड्याने मिळते. पण आमचे मालक जिग्नेशभाई यांना भाडं हा शब्द ऐकला की शिंका येतात. म्हणून ऑफिसातल्या तीन जुन्या मशीनांवर घरचेच रनर उभे करायचं ठरलं आणि ते काम आप्पांकडे आलं.

आप्पांनी त्याआधी पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये कंप्युटर सांभाळण्यात उमेदीची वर्षं घालवलेली. रनर, कंटेनर हे सगळं ते उतारवयात शिकले. पण असे शिकले की काय सांगू! कारण कंटेनरची कल्पनाच अशी की प्रत्येक कामाला एक कोरी, बंद खोली मिळते. काम झालं की ती खोली मोडून टाकायची आणि पुढच्या कामाला पुन्हा नवी. आप्पा आम्हाला समजावून सांगायचे, "पंगत पाहिली ना? दर माणसाले कोरी पत्रावळ. जेवला, पत्रावळ गेली. मागच्याच्या उष्ट्यावर पुढच्याले वाढता का तुम्ही?" ज्या वेडापायी या माणसाला जन्मभर लोक हसले, ते वेड कंप्युटरवाल्यांनी चक्क शास्त्र म्हणून मान्य केलं होतं. आप्पा तेव्हा महिनाभर नुसते तरंगत होते.

अडचण एकच होती. संध्याकाळी मार्केट बंद झालं की आमच्या बिल्डिंगची लाइटही बंद. रनर मात्र चोवीस तास चालू हवेत. तेव्हा आप्पा म्हणाले, "माझ्या घरी ठेवा. खोली रिकामीच शे." शे म्हणजे आहे आणि शेत म्हणजे आहेत, आप्पांची बोली तशी. झालं. तिन्ही जुनी मशीनं टेम्पोत बसून डिंडोलीला गेली आणि आप्पांच्या मुलीच्या खोलीत, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर जाऊन बसली. मुलगी लग्न होऊन पुण्याला. पुढे आप्पांचे गुडघे कुरकुरायला लागले, तसं जिग्नेशभाई म्हणाले, तुम्ही घरीच बसा आणि मशीन बघा. म्हणजे मशीनांच्या मागोमाग आप्पाही घरी गेले.

त्या खोलीची ख्याती लवकरच बिल्डिंगभर झाली. मशीनं तापतात, खोली उबदार राहते. थंडीच्या दिवसांत शेजारच्या दक्षाबेन तिथे हांडव्याचं पीठ आंबवायला ठेवून गेल्या. वरच्या सुमनवहिनींनी ते पाहिलं आणि त्यांचा ढोकळ्याचा डबाही आला. एका बाजूला आमचं सॉफ्टवेअर तयार होतंय आणि दुसऱ्या बाजूला पीठ फुगतंय, असा तो कारखाना. सकाळी डबे न्यायला बायका यायच्या, दारात उभ्या राहून गप्पा व्हायच्या. आप्पांच्या पत्नी मंगलकाकू तेव्हा घरीच होत्या, त्या कुणाला चहाशिवाय सोडत नसत.

मग पुण्याच्या मुलीला जुळं झालं. मंगलकाकू महिनाभरासाठी म्हणून गेल्या त्या गेल्याच. जुळी त्यांना सोडेनात. आप्पांना सगळ्यांनी सांगितलं, तुम्हीही जा. ते म्हणाले, "मशीनं कोण पाहील?" थंडी सरली, डबे यायचे बंद झाले. आप्पा घरात एकटे, खिचडी टाकतात आणि मीठ कमी-जास्त झालं की पहिल्यापासून.

आता माझा संबंध सांगते. आप्पांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर घरोघरी एम्ब्रॉयडरीची मशीनं आहेत. ती एकदम सुरू झाली की दिवे लुकलुकतात आणि आमचे कंप्युटर बंद होऊन पुन्हा चालू होतात. कंप्युटर उठतो, पण त्याच्या आतला रनर काही उठत नाही. तो मेल्यासारखा पडून राहतो. मग ऑफिसात बोंबाबोंब. पडलेल्या रनरला उठवणं आप्पांच्या तत्त्वात बसत नाही, तो मोडून नवाच करायचा. नव्या रनरला नवी किल्ली लागते, म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. ती काढायचा हक्क माझ्याकडे.

"आप्पा, मेसेज करते."

"किल्ली फोनवर नाही पाठवायची. कोणाच्या हाती लागली मग? तू ये."

आता यात खोटं काही नाही, सावध माणूस असंच म्हणेल. म्हणून मी स्कूटर काढायची आणि उधन्याच्या गर्दीतून शिव्या देत-खात डिंडोली गाठायची. दार उघडून आप्पा म्हणायचे, "उनी का?" अहिराणीत आलीस का. आधी पाणी, मग चहा, मग "शेवभाजी केली शे, खाऊन घे." त्यानंतर किल्ली. मी अक्षरं वाचायची आणि आप्पांनी एका बोटाने ती दाबायची. शेवटाला आलं आणि एक अक्षर चुकलं, की आप्पा अख्खी माळ पुसणार. "पहिल्यापासून!"

"अहो आप्पा, एकच अक्षर बदला ना!"

"नाही. कोरं पाहिजे."

बरं, ती किल्ली तासाभरात मरते. पुसापुशीत तास निघून जायचा, मग मी दुसरी काढायची. तोवर दुसरा चहा. मी म्हणायचे, "द्या इकडे, मी दाबते." तर म्हणे, "तू पाहुणी शे." दुपारी गेलेली मी दिवेलागणीला सुटायचे, पोट तुडुंब भरलेलं आणि डोकं उठलेलं. नवरा म्हणायचा, ऑफिसला जातेस की माहेरी?

सणाचा सीझन तोंडावर आला. व्यापाऱ्यांना नवी आवृत्ती हवी होती, आम्ही सगळे पळत होतो, आणि रनर पुन्हा पडले. व्यापाऱ्यांचे फोन जिग्नेशभाईंना, जिग्नेशभाईंचा आवाज आम्हाला. त्यांनी आधी दोष दिला ढोकळ्याच्या पिठाला. मी म्हटलं, अहो, या उकाड्यात पीठ ओट्यावरच फुगतं, डबे कोण ठेवतंय? तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ताई, हवे बंद थयुं तो मशीन उठावी लईशुं. भाडं भरूंगा, पण ये नहीं चलेगा." ज्या माणसाच्या तोंडून भाडं भरतो असं निघालं, तो माणूस चेष्टा करत नव्हता.

मी डिंडोलीला गेले आणि आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. पुन्हा एकदा पडलं तर मशीनं जाणार.

आप्पा पलंगावर बसले. मला वाटलं, आता चपला घालून बाहेर जातील आणि बेल वाजवतील. ते उठलेच नाहीत.

"नेऊ नका म्हणावं," ते म्हणाले. "मशीनं गेली तर मी इथे काय करू? खोलीत निदान काही चालू असतं."

"मग मला बघू द्या, पडलं की उठत का नाही ते. रनरची फाइल उघडा."

"आधी चहा घे."

"चहा नको."

"चिवडा शे. सुमनवहिनीने दिला."

"आप्पा, फाइल!"

रनर कसा उभा करायचा ते सगळं एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. त्यात एक ओळ अशी असते की पडलास तर आपोआप ऊठ. कोणीही नवशिका ती पहिल्यांदा घालतो. मी समजत होते की आप्पा ती विसरलेत, आणि त्यांना वाईट न वाटेल असं कसं सांगावं याचा विचार करत होते. ओळ तिथे होती. फक्त तिच्या आधी एक चिन्ह होतं. ते चिन्ह लावलं की कंप्युटर ती ओळ वाचत नाही. ते आपोआप लागत नाही, कोणीतरी हाताने लावावं लागतं.

"आप्पा, ही ओळ बंद कोणी केली?"

त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला.

"आधी चालू होती," ते म्हणाले. "मंगल गेली, त्यानंतर मी बंद केली."

"का पण?"

"आपोआप उठायला लागलं, तर तू कशाला येशील?"

तुम्हाला खरं सांगते, आधी मला राग आला. उधन्याचं ते ऊन, तो धूर, त्या शिव्या, ऑफिसातली बोलणी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि समोर पाहिलं तर आप्पा भिंतीकडे बघत होते, कान लाल झालेले. माझा राग गेला तो गेलाच.

"अहो, मग ये म्हणून फोन करायचा ना साधा!"

"असं कसं? तू कामाचं माणूस. तुझं घर शे, नवरा शे. रिकामं कसं बोलवायचं कोणाला? काम असलं की माणूस येतं, त्याले बरं वाटतं, आपल्यालेही बरं वाटतं."

मी म्हटलं, "आप्पा, ही ओळ अशीच ठेवली तर जिग्नेशभाई मशीनं नेतील. चालू केली तर मशीनं राहतील, पण किल्ली लागणार नाही. काय करू सांगा."

खालून एम्ब्रॉयडरीच्या मशीनांची खडखड येत होती.

"सरक," ते म्हणाले आणि स्वतः कीबोर्ड पुढे ओढला. ते चिन्ह त्यांनी एका बोटाने पुसलं. बाकीच्या फाइलीला हात लावला नाही. मग आम्ही मुद्दाम प्लग काढला, पुन्हा लावला. पडद्यावर अक्षरं धावली आणि तिन्ही रनर एकामागून एक उठून कामाला लागले.

"उठले," मी म्हटलं.

"उठले," आप्पा म्हणाले. "गुणाचे शेत." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुटलीस बाई तू. आता गर्दीत यायले नको."

मी मान हलवली आणि निघाले.

त्यानंतर रनर एकदाही पडून राहिले नाहीत. खाली दिवे लुकलुकत असतील, वर मशीनं पडून उठत असतील, आम्हाला पत्ताही लागायचा नाही. नवी आवृत्ती वेळेवर गेली. जिग्नेशभाईंनी सगळ्यांना घारी ही इथली मिठाई खाऊ घातली, डिंडोलीलाही एक डबा पाठवला. मशीनं नेण्याचा विषय निघाला तसा बुडाला. मला दुपारचा वेळच वेळ मिळायला लागला. आणि एका दुपारी मी उठले, पर्स घेतली आणि स्कूटर काढली.

आप्पांनी दार उघडलं. मला पाहून त्यांचा चेहरा पडला.

"बंद पडलं का?"

उत्तराची वाट न बघता ते गुडघे सांभाळत आतल्या खोलीत गेले. मशीनांचे दिवे एकेक करून बघितले, पडदा बघितला, परत आले.

"चालू शे की सगळं."

"माहीत आहे."

"मग किल्ली?"

"नाही आणली. भूक लागलीय मला. काही आहे का खायला?"

आप्पा जागेवरच थांबले. एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मग स्वयंपाकघरात गेले. कढई ठेवल्याचा आवाज आला, कांदा चिरल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ फोनवर बोलणं ऐकू आलं. पुण्याला फोन लावला होता. आवाज दबका ठेवायचा प्रयत्न चालला होता, पण तो काही दबत नव्हता.

"अवं मंगल, ऐक ना. मशीनं चालू शेत. तिन्ही चालू शेत. तरी बी ती उनी!"