वक्रीभवनाचा पत्ता

माणसानं एक वेळ वाघाच्या तोंडात हात घालावा, पण बायको कुरकुरत असताना "त्यात काय एवढं?" असं म्हणू नये. आमचे आवकजावक गुरुवारी संध्याकाळी चहा पिता पिता नेमकं तेच म्हणाले, आणि तिथून पुढचा सगळा गोंधळ सुरू झाला.

आवकजावक हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बावीस वर्षं ते एका कचेरीत आवक-जावक टेबलावर बसत होते. आलेलं पत्र आवक रजिस्टरात, गेलेलं पत्र जावक रजिस्टरात, दोन्हींवर नंबर, दोन्हींवर शिक्का. लोक आधी पाठीमागे त्यांना आवकजावक म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि पुढे पुढे ते स्वतःच फोन उचलून "हां, आवकजावक बोलतोय" असं सांगू लागले.

त्यांची बायको मागच्या खोलीत शिवणकाम करायची. हात असा सफाईदार की बायका लांबून कपडे घेऊन येत. पण त्या खोलीची खिडकी उघडली की समोर दोन हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन त्या खोलीत कधी आलंच नव्हतं.

"डॉक्टरीणबाईंचा कोट बघितलात?" बायकोनं विचारलं.

"झकास झालाय की!"

"डोंबल झकास! गडद निळ्या कोटावर मी काळ्या दोऱ्यानं शिलाई मारलीय. आता सगळं उसवायचं."

"त्यात काय एवढं? मोठा बल्ब लावू."

(हेच ते वाक्य.)

"बल्बखाली काळा काय नि निळा काय, सगळं एकच दिसतं. त्याला ऊन लागतं, ऊन! ते काही नाही. सोमवारपासून मी मशीन ताईकडे नेते. तिच्या गॅलरीत नुसतं ऊन सांडत असतं. सकाळी जाईन, संध्याकाळी येईन."

आवकजावकांनी कप खाली ठेवला. ताईचं घर म्हणजे गावाचं दुसरं टोक. कचेरीतून आल्यावर कुलूप काढून रिकाम्या घरात शिरायचं, ही कल्पनाच त्यांना सोसेना. रोज दार ढकललं की आतून मशीनची खडखड ऐकू यायची आणि त्यांना वाटायचं, चला, सगळं जागच्या जागी आहे. ती खडखड त्यांना आवडायची. बायकोही आवडायची, पण हे सांगायचं कसं, ते बावीस वर्षांत जमलं नव्हतं. म्हणून ते भलतंच बोलून बसले.

"मशीन कुठंही जाणार नाही. ऊनच इथं आणतो मी!"

"कशातून? बादलीतून?" बायकोनं विचारलं आणि कोट उसवायला घेतला.

त्यांची मुलगी नववीत होती. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशावर एक अख्खा धडा होता. आवकजावक जाऊन तिच्या शेजारी बसले.

"बाबा, ऊन वळवायचं म्हणजे दोन गोष्टी आहेत. एक परावर्तन आणि दुसरं वक्रीभवन."

"वक्रीभवन?" आवकजावकांनी कपाळाला आठ्या घातल्या. बावीस वर्षं पाकिटांवरचे पत्ते वाचलेला माणूस! "हे कुठं आलं? पोस्टाच्या मागं का?"

मुलगी पोट धरधरून हसली. "अहो बाबा, बिल्डिंग नाही ती! हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्याला म्हणतात वक्रीभवन. ग्लासात पेन्सिल नाही का वाकडी दिसत!"

"मग सरळ सांग ना. वाकायबिकायचं आपल्याला नको. दुसरं काय ते बोल."

"परावर्तन. आरशावर प्रकाश ज्या कोनात येतो, त्याच कोनात तो परत जातो."

आवकजावकांचा चेहरा खुलला. "म्हणजे जितकी आवक, तितकी जावक! अगं, हे तर आमचं रोजचं काम!"

"पुढंही आहे, बाबा. पुढच्या पानावर..."

"पुढचं राहू दे. कळलं मला." आणि ते उठलेसुद्धा.

आता घराचा नकाशा सांगतो. पुढे बाल्कनी, तिथून आत लांबलचक बोळ, बोळाच्या टोकाला काटकोनात वळलं की मागची खोली. बाल्कनीतला माणूस मागच्या खोलीतून दिसत नाही, पण त्याचा आवाज भिंतींवर आपटत, कोपरा वळून, ठणठणीत पोचतो. आवकजावकांना हे पुस्तक न वाचताच ठाऊक होतं. कसं, ते सांगतो. पण हे आपल्यातच राहू द्या.

तीन महिन्यांपूर्वी त्याच कोटवाल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पोटाकडे एकदाच बघून रोज साठ बैठका सांगितल्या होत्या. तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला आवकजावक बाल्कनीत जात आणि मोठ्यानं मोजत: "एक... हुश्श... दोन... हुश्श..." मागच्या खोलीत बायको मशीनवर बसून ऐकायची आणि समाधानानं मान हलवायची. वास्तविक ते बाल्कनीतल्या खुर्चीत पाय पसरून पेपर वाचत असत. "हुश्श" चहा गरम असायचा म्हणून.

असो. शुक्रवारी त्यांनी नाक्यावरच्या न्हाव्याला गाठलं. त्याचं दुकान नव्यानं सजत होतं आणि जुना आरसा भिंतीला टेकून पडला होता. माणसाच्या छातीएवढा आरसा! नेणार असाल तर खुशाल न्या, म्हणाला. फक्त वरच्या बाजूला लाल रंगात वीतभर अक्षरं रंगवली होती: "हलू नका". गिऱ्हाईक दाढी करताना मान फिरवायचं म्हणून न्हाव्यानं ती सूचना लिहून घेतली होती.

"रंग जाईल का हा?" आवकजावकांनी विचारलं.

"साहेब, बारा वर्षं घासतोय," न्हावी म्हणाला.

रविवारी सकाळी कामाला सुरुवात झाली. बोळाच्या कोपऱ्यावर कपाटाचा आरसा तिरका उभा केला. बाल्कनीत एका जुन्या टेबलावर न्हाव्याचा आरसा ठेवला आणि तो फिरवायला त्यामागे मुलगी उभी राहिली. तिला आरशापुढचं काही दिसत नव्हतं. आवकजावक आत बोळाच्या टोकाला उभे, त्यांना उन्हाचा कवडसाही दिसत नव्हता. आणि ऊन? ऊन गेलं होतं रस्ता ओलांडून समोरच्या हेडमास्तरांच्या घरात.

हेडमास्तर निवृत्त होऊन खिडकीत शांतपणे नखं कापत बसले होते. अचानक त्यांच्या डोळ्यांवर लख्ख प्रकाश पडला. त्यांनी डोळे गच्च मिटले. तेवढ्यात समोरून दरडावणारा आवाज आला, "डावीकडे!"

हेडमास्तर डावीकडे सरकले. प्रकाशही सरकला. (मुलगी घाबरून आरसा उजवीकडे फिरवत होती. तिची उजवी म्हणजे समोरच्या हेडमास्तरांची डावी.)

"आणखी डावीकडे!"

"अहो, इथं कपाट आहे!" हेडमास्तर ओरडले.

आवकजावकांना वाटलं, मुलगीच बोलतेय. "कपाट काय बघतेस? मी सांगतो तसं कर! आता खाली! आणखी खाली!"

हेडमास्तर मुकाट्यानं जमिनीवर बसले. "कोण आहात तुम्ही? काय पाहिजे तुम्हाला?"

"ऊन पाहिजे!" आतून गर्जना झाली.

चाळीस वर्षं वर्ग हाकलेला माणूस, पण असली मागणी त्यांनी ऐकली नव्हती. शेवटी आवकजावकांची बायको बाल्कनीत आली, तिनं समोरच्या खिडकीत फक्त टक्कल तेवढं चमकताना पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, इकडे या आधी! हेडमास्तरांना काय भाजून काढताय?"

आवकजावक धावत आले आणि हात जोडून माफी मागू लागले. हेडमास्तर कपाटाच्या आधारानं उठले, चष्मा लावला, आरसा न्याहाळला. आणि रागवायचं सोडून त्यांचा चेहरा उजळला.

"परावर्तन करताय होय? आधी सांगायचं की! जन्मभर हेच शिकवलं हो मी. प्रयोग मात्र पहिल्यांदाच डोक्यावर झाला." मग काठी उगारून तेच हुकूम सोडू लागले. "आरसा आधी घराकडे फिरव, पोरी! आता जरा मागं झुकव! बास! आता बोटभर उजवीकडे! हां, गेलं बघ आत!"

आणि खरंच, ऊन बोळातून सरळ धावलं, कपाटाच्या आरशावर आदळलं, काटकोनात वळलं आणि थेट शिलाई मशीनवर येऊन बसलं.

मागची खोली सोनेरी झाली. भिंतीवर "हलू नका" अशी अंधुक सावलीही उमटली. बायकोनं निळा दोरा आणि काळा दोरा उन्हात धरला. निळा निळा होता, काळा काळा. तिनं एका फटक्यात सुईत दोरा ओवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्या उजेडात तिच्या कानामागचे दोन-चार पांढरे केस चमकत होते. आवकजावक दारात उभे राहून बघतच राहिले. त्यांना फार बरं वाटत होतं.

"मग? मशीन राहणार ना?" त्यांनी विचारलं.

"आठ दिवस बघते," ती म्हणाली. "मग ठरवते."

ते आठ दिवस आवकजावकांनी जीव मुठीत धरून काढले. रोज ते आरसा पुसत. ऊन यायचं नऊ वाजता, तोवर साडेआठच्या बैठका चालूच होत्या. म्हणजे मोजणं चालू होतं. "एकवीस... हुश्श... बावीस..." आतून मशीनची खडखड येत होती. सगळं ठीक होतं.

फक्त एक गोष्ट खटकत होती. आताशा सकाळी साडेआठलाच दोन-तीन गिऱ्हाइक बायका मापं द्यायला येऊ लागल्या होत्या. डॉक्टरीणबाई तर तीनदा येऊन गेल्या; एका कोटाला किती वेळा माप लागतं? आणि मधूनच मागच्या खोलीत खसखस पिकायची. असेल काहीतरी बायकांचं, असं म्हणून आवकजावक पेपराचं पान उलटत.

सोमवारी आठ दिवस भरले. ते आत गेले.

"मशीन कुठंही जात नाही," बायको म्हणाली. "ताईला कळवून टाकलं."

आवकजावकांना नाचावंसं वाटलं. "बघ! म्हटलं नव्हतं मी? ऊन मिळालं ना?"

"ऊन तर मिळालंच. पण खरं सांगू? ताईच्या गॅलरीतून इथल्यासारखं काही दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"बसा जरा इथं." तिनं त्यांना मशीनच्या स्टुलावर बसवलं. "आता समोर बघा."

आवकजावकांनी समोर बघितलं. समोर कपाटाचा आरसा. कपाटाच्या आरशात न्हाव्याचा आरसा. आणि न्हाव्याच्या आरशात, फ्रेम करून लावल्यासारखी, बाल्कनीतली खुर्ची. खुर्चीवर उघडा पेपर. खाली वाफाळता चहा. आणि त्या सगळ्याच्या वर, उलट्या लाल अक्षरांत, "हलू नका".



"पहिल्या दिवशी मला वाटलं, पाटी वाचून गप्प बसलात," बायको म्हणाली. "पण तोंडानं 'एकोणसाठ, साठ' चाललेलंच!"

"म्हणजे... आठ दिवस..."

"आठही दिवस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा पेशंट त्यांनी जन्मात पाहिला नाही."

दारात मुलगी पुस्तक घेऊन उभी होती. "बाबा, मी सांगत होते तेव्हा. पुढच्या पानावर लिहिलंय: प्रकाश ज्या वाटेनं येतो, त्याच वाटेनं उलटा जाऊ शकतो. इथं ऊन पोचलं, तर इथून बाल्कनी दिसणारच. तुम्ही आवक ऐकलीत आणि उठलात. जावक राहूनच गेली."

बावीस वर्षांच्या नोकरीत आवकजावकांच्या हातून एकही जावक सुटली नव्हती. ही सुटली ती थेट घरात.

बायकोनं हसत हसत मशीनचं चाक फिरवलं. "जा आता. साठ बाकी आहेत. गिऱ्हाइक बायका येतीलच एवढ्यात, आणि हेडमास्तर पण बघायला बसलेत."

दुसरा उपाय नव्हता. आवकजावक बाल्कनीत गेले, खुर्ची बाजूला सारली आणि गुडघे वाकवले. "सव्वीस... सत्तावीस... चाळीस..."

"अठ्ठावीस!" आतून एकदम चार बायका ओरडल्या. कोपरा वळून आवाज ठणठणीत आला. समोरच्या खिडकीतून काठी उगारली गेली.

साठ झाल्या. पण साठाव्या बैठकीला वाकलेली कंबर काही केल्या सरळ होईना. त्याच कोनात ते कसेबसे कचेरीत पोचले. दारातल्या शिपायानं त्यांना वरपासून खालपर्यंत, म्हणजे डोक्यापासून लगेच गुडघ्यापर्यंत, बघितलं.

"साहेब, असे कुठून येताय?"

"वक्रीभवनातून," आवकजावक कण्हत म्हणाले.

शिपायानं विचार केला.

"ते पोस्टाच्या मागं आहे, ते का?"