खुणेच्या वर थेंब नको

डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सासऱ्यांना वाकायला बंदी केली आणि रोपवाटिकेचा पंप सुनेच्या गळ्यात पडला. पंपाचं पेट्रोल इंजिन सासऱ्यांच्या लग्नाच्याही आधीचं. गार व्हायचं ते पंख्याच्या वाऱ्यावर आणि सुरू व्हायचं ते स्वतःच्या मर्जीवर. आता पुन्हा अडलं तर शनिवारी ते भंगारात, असं नवऱ्याने जाहीर करून टाकलं होतं. "मग तराजू मोठा आणायला सांग," सासरे म्हणाले होते, "मीही बसतो."

सून हट्टाला पेटली. तेल बदलायचं आणि तेही बरोबरच घालायचं. दुकानदाराने सोनेरी डब्यातलं, नव्या मोटारींचं महागडं पातळ तेल पुढे केलं. शेजाऱ्यांनी त्यांच्या दुचाकीतलं उरलेलं देऊ केलं. तेल ते तेल, असं त्यांचं मत. तिने दोघांनाही वाटेला लावलं आणि थेट गॅरेज गाठलं.

"वाऱ्यावर गार होणारं इंजिन तापतं जास्त. त्यात पातळ तेल टिकत नाही," मिस्त्री म्हणाला. "तीस नंबरचं साधं घाला. पण टोपणाच्या काडीवर खूण आहे, तिच्या वर थेंब नको. वर गेलं की धूर."

तिने जुनं काळं तेल काढलं, खुणेपर्यंत नवं भरलं आणि दोरी ओढली. पाणी धो धो आलं. काळा चष्मा लावून बसलेले सासरे आवाज ऐकूनच हरखले.

दुसऱ्या दिवशी इंजिनाने पांढरा धूर सोडला आणि मान टाकली. शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले. तेल पातळ पडलं असणार, असं ठरवून सुनेने आतलं सगळं न मोजताच खड्ड्यात सोडलं आणि चाळीस नंबरचं आणून खुणेपर्यंत भरलं. एक दिवस बरा गेला, मग पुन्हा तोच धूर. इकडे रोपं माना टाकायला लागली. नवऱ्याने वडिलांच्या देखत भंगारवाल्याला फोन केला. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत आणि सुनेला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी ती पातेलं घेऊन पंपाशी बसली आणि खालचा बोल्ट काढला. तेल येतच राहिलं. पातेलं काठोकाठ भरलं, तरी धार थांबेना. ते पातेलं तिने तसंच आणून जेवायच्या टेबलावर ठेवलं.

"इंजिन तेल पितं हे ऐकलं होतं. तेल देणारं इंजिन मी पहिल्यांदाच बघतेय."



"मी जरासंच घातलं," सासरे म्हणाले. "माझ्या जुन्या डब्यातलं. ती खूण दिसेना, म्हणून आपलं अंदाजाने."

"मी शिवणयंत्राचं," सासूबाई पुटपुटल्या. "यांचा जीव अडकलाय त्यात. म्हटलं, कोरडं नको पडायला."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, पण शर्टाच्या बाहीवर तेलाचा डाग होता. मोटारीच्या डिकीत सोनेरी डबा सापडला, अर्धा रिकामा.

"भंगारवाल्याला तूच बोलावतोस आणि तेलही तूच घालतोस?" सासऱ्यांनी विचारलं.

"बोलावून बसलो होतो ना, बाबा," नवरा खाली मान घालून म्हणाला. "तो येईल तेव्हा चालू असलं, म्हणजे परत पाठवता आलं असतं."

सासऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. डॉक्टरांनी त्यालाही बंदी केली होती.

शनिवारी सुनेने प्लग पुसला, तीस नंबरचं तेल खुणेपर्यंत भरलं आणि दोरी ओढली. धुराचं नाव नाही. भंगारवाला आला, त्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून तिने तिघांचे तिन्ही डबे त्याच्या पोत्यात टाकले. जाता जाता तो पंपापाशी थांबला आणि कान देऊन ऐकू लागला.

"चालतंय झकास," तो म्हणाला. "पण आवाज जरा कोरडा वाटतो. थोडं तेल घाला."

तीन माना एकदम पोत्याकडे वळल्या आणि सून दोन्ही हात पसरून पंपासमोर उभी राहिली.