दीडशे फुटांवरची चमक

उजेडाच्या बाबतीत आमच्या सोसायटीत माझा हात धरणारा कोणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. लोकांना गाड्यांचा शौक असतो, मला टॉर्चचा! टॉर्च विकत आणायचा, उघडायचा, आतला एलईडी उपटून दुसरा बसवायचा आणि बायकोला गच्चीवर नेऊन दाखवायचं, "बघ, पलीकडच्या गावची पाण्याची टाकी दिसतेय!"

"टाकी दिसतेय हो," अश्लेषा म्हणाली, "आत पाणी आहे का, तेवढं बघा."

हा टोमणा होता. मला मात्र त्यात कल्पना दिसली.

सोळा सालचा उन्हाळा होता. शहर बीड बायपास ओलांडून पुढं आलं होतं, नळ मात्र त्याच्या अलीकडंच थांबला होता. आमची भिस्त सोसायटीच्या बोअरवर, आणि ते होळीलाच आटलं. मोटर वर काढून पार्किंगमध्ये आडवी निजवली होती, सलाईन लावलेल्या पेशंटसारखी. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. बोअर आणखी खोल मारायचं, की थोडंफार पाणी पुन्हा वर आलं असेल तर मोटर सोडायची, याचा निर्णय रविवारी चेअरमन नानासाहेब करणार होते. माणूस करमाडचा, जमीनदार, आवाज असा की माइक लाजावा.

"नानासाहेब, मी आत बघून सांगतो," मी म्हणालो.

"बोअरमधी? ती काय खिडकी हाय व्हय, हिमांशूराव?"

"एलईडीचा प्रश्न आहे, नानासाहेब. योग्य एलईडी असला की पाताळ दिसतं!"

माझ्याकडं तीन होते. पहिला चार चिपांचा, दांडगा. उजेड मुबलक, पण पसरट. लग्नाच्या मांडवाला उत्तम. दुसरा पिवळसर. त्यात टोमॅटो अगदी टोमॅटोसारखा लाल दिसतो, पण किरण दहा पावलांवर दमतो. तिसऱ्याची चिप तिळाएवढी, वरचा घुमट मी ब्लेडनं उडवलेला. त्याचा किरण म्हणजे सुई! मी त्याला दुप्पट करंट द्यायचं ठरवलं. त्यासाठी तो कथिल वितळवून तांब्याच्या चकतीवर डागायचा होता, आणि चकतीला खालून सगळीकडं सारखी उष्णता हवी. घरात सारखी उष्णता देणारी वस्तू एकच. तवा!

"अहो, तव्यावर काय भाजताय?"

"एलईडी."

"दोन्ही बाजूंनी नीट भाजा," अश्लेषा म्हणाली आणि पाव आणायला खाली गेली.

रविवारी सकाळी नऊला अख्खी सोसायटी बोअरभोवती जमली. आमचा वॉचमन पुंजाराम, लासूर स्टेशनकडचा, हळूच म्हणाला, "साहेब, एक खडा टाका की. पानी असंल तर डुबुक वाजतंय."

"पुंजाराम, खड्याचा जमाना गेला!"

पहिला टॉर्च लावला. वरचा लोखंडी पाईप लख्ख उजळला, त्याच्यावरचा गंज मोजता आला असता. खाली अंधार. दुसरा लावला. गंज जास्त खरा दिसला. खाली अंधारच. मग मी बाह्या सरसावून तिसरा काढला. किरण सरसर खाली गेला आणि तळाशी काहीतरी लखकन चमकलं! चांदीसारखं, हलतं!

"चमकतंय!" मी ओरडलो.

नानासाहेबांनी मला बाजूला सारून डोकावलं. "पानी हाय! लई पानी हाय!"

मग सगळेच रांगेनं डोकावले. कोणाला लाटा दिसल्या, एकाला मासा दिसला. नानासाहेबांनी तिथल्या तिथं टँकरवाल्याला फोन लावला. "येऊ नको! आमचं आमाला भागतंय!" टँकरवाला खूश झाला, त्याला दहा गिऱ्हाइकं वाट बघत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण तळमजल्यावरच्या साळूबाईंनी महिनाभर धुवायच्या राहिलेल्या सात गोधड्या काढल्या आणि साठवलेल्या पाण्यात धुवून टाकल्या. त्यांचं बघून सगळ्या बायका पेटल्या. पडदे, चादरी, सोफ्याची कव्हरं! कूलर काठोकाठ भरले. एकानं गाडी धुतली. जालन्याहून संध्याकाळी माझे सासूसासरे यायचे होते, म्हणून अश्लेषानं फरशी दोनदा पुसली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. दुपारी तीनपर्यंत सोसायटीत सगळं स्वच्छ होतं आणि पाण्याचा थेंब नव्हता.

चारला कचरू मिस्त्री मोटर सोडायला आला. आधी पाणी किती, ते बघायला त्यानं वजन बांधलेला दोर खाली सोडला. दीडशे फुटांवर तो तळाला टेकला, तसा वर ओढला.

"साहेब, दोर कोरडा हाय."

"कसा असेल? चमकत होतं!"

कचरूनं दोराचं टोक पुढं केलं. वजनाला वेफर्सचं रिकामं पाकीट अडकून आलं होतं. आतली चंदेरी बाजू बाहेर. उन्हात ते पुन्हा चमकलं, चांदीसारखं, हलतं.

साळूबाई वाळत घातलेल्या गोधड्यांकडं बघत राहिल्या.

"पाणी त्याच्याखाली असेल!" मी म्हणालो आणि तिसरा टॉर्च फुल्ल पॉवरवर लावून वाकलो. दुप्पट करंट ही चीज उजेडाइतकीच उष्णताही दुप्पट करते, हे मला पुस्तकातून माहीत होतं, हातातून नव्हतं. तीन मिनिटांत टॉर्चचा निखारा झाला. "आई गं!" म्हणून मी हात झटकला.

टण्! टण्! टण्... टण्... आणि शेवटी खट्.

"आवाज आला, साहेब," पुंजाराम म्हणाला. "कोरडा हाय."

"जाऊ द्या," नानासाहेब सुस्कारा सोडून म्हणाले. "हेच बोअर खोल मारू."

कचरूनं मान हलवली. "आता कसं मारता? तळाला टॉर्च हाय. बोअरच्या मशीनचा दात मोडला तर मशीनवाला मलाच मारंल. हे बोअर बाद."

टँकरचा पुढचा नंबर गुरुवारी लागला. ते चार दिवस मी ऑफिसातून स्कूटरवर पाण्याचे जार आणले. आधी साळूबाईंना, मग इतरांना, शेवटी घरी. सासरे एका तांब्यात आंघोळ करून बाहेर आले आणि म्हणाले, "जावईबापू, जालन्यात बरं चाललंय आमचं." दुसऱ्या दिवशी गेले.

शुक्रवारी जुन्यापासून दहा फूट बाजूला नवं बोअर मारलं. मी घराबाहेर पडलो नाही. साडेतीनशे फुटांवर पाणी लागलं! करंगळीएवढी धार, पण पाणी!

रविवारी पूजा झाली. नारळ फुटला. मी मागच्या रांगेत खांबाआड उभा होतो, तेवढ्यात नानासाहेब गरजले, "हिमांशूराव, म्होरं या! ह्यांनी जुनं बोअर बाद केलं नसतं तर आपन त्येच उकरत बसलो असतो. आज जे पानी हाय, ते ह्यांच्यामुळं!"

टाळ्या पडल्या. खरं तर त्यांचं बोलणं अडवायला मी तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात कोणीतरी त्यात पेढा घातला. खांद्यावर शाल आली. भर मे महिना, बेचाळीस डिग्री आणि लोकरीची शाल! कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, डोळे चुरचुरायला लागले, गालावरून धारा वाहिल्या.

"भरून आलं बघा त्यांना," साळूबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या.

मीही मग पेढा गिळला आणि मान खाली घातली.