शेडगे आणि सहावी फाईल

शेडगे संगणकाच्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करत. आत कुणी नसे. "आवं बाई, एकदम आत गेलं आन् ते दचकलं म्हंजे?" असं ते मला गंभीरपणे विचारत. ते म्हणजे यंत्र.

सांगलीच्या आमच्या रक्तपेढीचं कार्यालय मी सांभाळत होते. प्रत्येक कामाची यादी, यादीवर तारीख, काम झालं की खूण. आमचा संगणक दुरुस्त करणारे शेडगे मूळचे कोयनानगरचे. भूकंपाचे धक्के खात वाढलेला माणूस. कुठेही गेले की आधी छताकडे बघायचे, मग खुर्ची दाराजवळ ओढायचे. वीज, कुत्री, जिना, सगळ्याला भ्यायचे. पण त्यातही नियम होता: "भ्यायला ना न्हाई, पन बसून भ्या. उभ्यानं भ्यालं की मानूस पळतंय."

आमचा जुना संगणक बंद पडला तेव्हा त्यांना बोलावलं. त्यांनी नव्यावर रक्तदात्यांची फ्लॉपीवर जपून ठेवलेली माहिती चढवली, ती दाखवणारा प्रोग्रॅमही चढवला. तो सुरूच होईना. पडद्यावर एकच ओळ: अमुक फाईल सापडत नाही. प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ मस्कतला गेलेले, पत्ता कुणाकडे नाही.

"त्यांनी समदं सोता न्हाई लिवलेलं," शेडगे म्हणाले. "तयार तुकडं दुसरीकडनं घेतलं, आन् हितं नुसती नावं लिवून ठिवली. आचारी न्हाई का, भांडी शेजारनं आनतोय? आता आचारी बी गेला आन् भांडी बी."

अशी सहा भांडी निघाली. एक आणून बसवावं, तर प्रोग्रॅम पुढचं मागायचा. चार शेडग्यांच्याच फ्लॉप्यांत सापडली. पाचव्यासाठी ते एसटीने वाईच्या एका संगणक वर्गात जाऊन आले. सहावी फाईल मात्र मस्कतवाल्यांनी स्वतः बनवलेली. ती फक्त त्यांनी दिलेल्या मूळ फ्लॉपीवर. ती मी कपाटातून काढून दिली. शेडग्यांनी तिची पत्र्याची झडप सरकवली आणि थबकले. आतली चकती लाल-पिवळी होती.

"बाई, ह्ये काय?"

"हळदकुंकू. खंडेनवमीला पूजा केली होती. वरवरची नको, म्हणून झडप उघडून आत बोट टेकवलं."

"कुनी?"

"मीच."

तेवढ्यात रुग्णालयाचा फोन आला. शिराळ्याची बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, गट ओ निगेटिव्ह. आमच्याकडच्या दोन्ही पिशव्या सकाळीच तिला गेल्या होत्या. मिरजेला विचारून झालं, तिथेही नव्हतं. दाते बोलवा, तासाभरात.

दात्यांचे फोन नंबर संगणकात. जुनी कार्डं? सगळी माहिती जुन्या संगणकात भरून झाली तेव्हाच मी ती नीट गठ्ठे बांधून रद्दीत घातली होती, आणि यादीत खूण केली होती. मी रद्दीवाल्याला गाठायला दाराकडे धावले.

"बसा," शेडगे म्हणाले.

मी बसले. त्यांनी नेलकटरने फ्लॉपीचं कवच उचकटलं. पापडाहून पातळ चकती बाहेर काढली, साबणाच्या पाण्यात बुडवली, बोटाच्या पेराने हलकेच पुसली, रुमालाने टिपून पंख्याखाली धरली. वाळायला किती वेळ लागला ते मला नेमकं ठाऊक आहे, कारण मी घड्याळावरची नजर काढली नव्हती. अकरा मिनिटं. मग एका कोऱ्या फ्लॉपीचं कवच उघडून ती त्यात बसवली.

यंत्र खरखरलं. वाचता येत नाही. पुन्हा घातली. वाचता येत नाही. शेडग्यांच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता, हात मात्र जरासुद्धा हलत नव्हता. "आवं, घ्या की एवढं," ते यंत्राला म्हणाले. "बाईमानूस अडलंय तिकडं."

चौथ्या वेळी फाईल उतरली. पडद्यावर ओ निगेटिव्हची नऊ नावं आली. शेडगे नंबर वाचत गेले, मी फोन लावत गेले. दोघं गावाला गेलेले, एकाचा फोन बंद, तिघांकडे कुणी उचलेना. तिघे आले, त्यातले एक तर हातावरचा साबण न धुता.

संध्याकाळी निरोप आला: आई वाचली, मुलगीही सुखरूप आहे. शेडगे तोवर घरी गेले नव्हते. "माजं बी रगत घ्या," म्हणाले. डोळे गच्च मिटून त्यांनी ते दिलं, आणि यादीत स्वतःची माहिती स्वतःच भरायला बसले. नाव, गट, पत्ता. शेवटचा रकाना होता, गरज पडल्यास कुणाला कळवायचं. तो रिकामा सोडला, तर प्रोग्रॅम पुढे जाईना.

"कुणीतरी असेल की," मी म्हटलं. "भाऊ? चुलते?"

"हुती की समदी," ते म्हणाले.

"माझं नाव घाला," मी म्हटलं आणि घरचा नंबर सांगितला. त्यांनी एका बोटाने एकेक आकडा भरला. मग उठून टेबलावरचा फोन घेतला आणि तोच नंबर फिरवला. पलीकडे माझ्या सासूबाई असणार.

"काय न्हाई आवं, लागतोय का बगितलं," शेडगे म्हणाले आणि फोन ठेवला.

थोडं थांबून त्यांनी तो पुन्हा एकदा लावला.